सोललेली कोळंबी

बाबा गेल्यानंतरचा सोळावा दिवस शुक्रवार होता. तिखटाचं जेवण त्याच दिवशी करायचं ठरलं, कारण चारही खांदेकऱ्यांना तेवढीच एक सुट्टी असायची आणि रविवारी पहाटे माझं मुंबईचं विमान होतं.

आमच्या घरात तेराव्यापर्यंत मासळी शिजत नाही. तेराव्याला गोडाचं होतं. मग एक बरा दिवस बघून तिखट करतात, ज्यांनी खांदा दिला त्यांना बोलावतात, आणि घरच्यांनी त्यांच्याबरोबर बसून आधी मासळीला तोंड लावायचं असतं. त्यानंतरच पाहुणे जेवतात. अलिबागला या कामाला चुलत्यांची फौज होती. दुबईत बाबांना खांदा दिला तो सुजीत आणि धनंजय या त्यांच्या हाताखालच्या दोन इंजिनिअरांनी, क्रेनवर काम करणाऱ्या दौलतने आणि रफिकने. दौलत देवगडकडचा. रफिक रत्नागिरीचा, तो बाबांना अल मनखूलच्या आमच्या घरून खोर फक्कान बंदरावर नेणारी कंपनीची गाडी बारा वर्षं चालवत होता.

अडचण एकच होती. आईने मासे सोडले होते.

तेराव्याला भटजी निघून गेल्यावर बाहेरच्या खोलीत ताटं पुसता पुसता ती म्हणाली, "मी आता मासे खाणार नाही."

"किती दिवस?" मी विचारलं.

"दिवस कसले. सोडले."

तिच्या आईनेही नवऱ्यामागे मासे सोडले होते. ती पुढे एकवीस वर्षं जगली. त्या वर्षांबद्दल आई स्वतःच आम्हाला सांगायची: कोळीण दाराशी आली की आजी उठून मागच्या खोलीत जायची आणि ती जाईपर्यंत बाहेर यायची नाही. आई हे सांगताना नेहमी चिडलेली असायची. आता तिला ते आठवत नसेल असं मला वाटत नाही.

मी वाद घातला नाही. मी मुंबईत एका प्रकाशनात संपादनाचं काम करते. ठाम वाक्यावर वाद घातला की लेखक ते आणखी ठाम करतो, हा माझा अनुभव आहे. मी एवढंच म्हटलं की तिखट म्हणून बाबांचा बॉइल करू. आई म्हणाली, "तू कर. मी वाढायला उभी राहीन." पण बॉइलमध्ये वाढण्यासारखं काही नसतं, हे तिलाही माहीत होतं.

हे प्रकरण आमच्या घरात शिरलं ब्याण्णव साली. बंदरावर नव्या क्रेन बसवायला डेल नावाचा लुइझियानाचा माणूस आला होता. त्याने बाबांना शिकवलं. एक मोठं पातेलं, त्यात मसाल्याचं पाणी, त्यात बटाटे, मक्याची कणसं, खेकडे आणि कोळंबी. सगळं एकापाठोपाठ एक घालायचं, पाणी गाळायचं आणि टेबलावर वर्तमानपत्रं पसरून त्यावर ओतायचं. ताट नाही, वाटी नाही, भात नाही. आई त्याला रद्दीवरचं जेवण म्हणायची. डेलच्या कृतीत सॉसेजही होते. बीफ या घरात येणार नाही असं आईने सांगितल्यावर बाबांनी दोन-तीन वर्षं चिकनचे घातले, मग तेही सोडून दिले. डेल परत गेल्यावर त्याची मसाल्याची पाकिटं थोडे दिवस येत राहिली. ती थांबल्यावर बाबा मोहरी, धणे, लवंगा, तमालपत्र आणि बेडगी मिरच्या यांची पुरचुंडी बांधू लागले. दर वर्षी थंडी संपता संपता एक शुक्रवार त्यासाठी राखलेला असायचा. ऑफिसची माणसं यायची. दौलत कधी आला नव्हता. त्याला कोणी बोलावलं नव्हतं.

कृती बाबांच्या वहीत होती, इंग्रजीत, ड्रॉइंगवर लिहितात तशा मोठ्या अक्षरांत. बटाटे पंधरा मिनिटं. मका सात. खेकडे आठ. कोळंबी दोन. गॅस बंद, झाकण ठेवा, वीस मिनिटं उघडू नये. आणि शेवटी, दोनदा अधोरेखित: कोळंबी सालासकट.

त्या शुक्रवारी सकाळी रफिकने देऱ्याच्या बाजारातून तीन किलो कोळंबी आणि डझनभर खेकडे आणले. त्याच्या गाडीतून दौलतही आला. इस्त्रीचा शर्ट, पायांत बूट. बूट दाराबाहेर काढून, बाह्या दुमडून तो सरळ स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला.

"बाय, काय करूचा ता सांग. मी बसान रवाक इलंय नाय."

"तुम्ही पाहुणे आहात, दौलतकाका."

"सायबाक खांद्यार घेतलंय. पावणो कसलो?"

मी म्हटलं, बरं, मासळी जरा धुऊन ठेवा. मका आणायचा राहिला होता. रफिकला जुम्म्याला जायचं होतं, त्याने मला सुपरमार्केटपाशी सोडलं. येताना मी चालत आले. कणसांची पिशवी जड होती आणि मी रमतगमत आले असेन. तासभर गेला.

परत आले तेव्हा दौलत फरशीवर पेपर टाकून मांडी घालून बसला होता. त्याच्यापुढे परातीत कोळंबी होती. तीन किलो. प्रत्येकीचं डोकं काढलेलं, साल काढलेलं, पाठीला चीर देऊन धागा काढलेला. वर मीठ-हळद लावलेली. शेजारच्या टोपात खेकडे, मोडून. नांग्या एकीकडे, बारीक पाय वाटून रस काढायला दुसरीकडे. इतकी नीट साफ केलेली मासळी मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

"झाला सगळा," तो म्हणाला. "बघ, एकीत पण धागो ऱ्हवलो नाय."

"सालं कुठे आहेत?"

"पिशयेत. आता कचऱ्यात घालतंय."

"दौलतकाका, ती सालासकट उकडायची होती."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग परातीकडे.

"सालासकट? मगे खातले कशे?"

"ज्याची त्याने सोलून."

"पावण्यांनी?"

मी कणसं ओट्यावर ठेवली आणि बाबांची वही उघडून पुन्हा ते शेवटचं वाक्य वाचलं, जणू आता तिथे दुसरं काही लिहिलेलं असणार होतं. मग मी म्हटलं, "ठीक आहे. कालवण करू." माझा आवाज ठीक नव्हता. दौलत उठून उभा राहिला. हळदीचे हात त्याने शर्टापासून लांब धरले होते.

"काय झालं?"

आई दारात होती. सोळा दिवसांत ती स्वयंपाकघरात फक्त पाणी प्यायला आली होती. डबे शेजारून येत होते, आणि तिखटाची तयारी सुरू झाल्यापासून ती आतल्या खोलीत दार लोटून बसली होती. मला आजीची मागची खोली आठवत होती.

"माजी चूक झाली वयनी," दौलत म्हणाला. "कोळंबी सोलली मी."

"सगळी?"

"सगळी."

आई आत आली. तिने परातीतली एक कोळंबी उचलली, उलटी करून पाठ बघितली आणि परत ठेवली. मग तिने स्टूल ओढलं आणि त्यावर बसली. ती हसत होती. आवाज येत नव्हता, पण खांदे हलत होते.

"मीही हेच केलं होतं," ती म्हणाली.

"कधी?"

"पहिल्याच वेळी. डेल खाली गाडी लावत होता. मी म्हटलं, परका माणूस घरी जेवायला येतोय, त्याला काय सोलत बसवायचं? सकाळपासून बसून दोन किलो सोलली. तुझे बाबा आत आले, त्यांनी परात बघितली आणि गप्प झाले. पाहुणा दारात, ओरडणार कसे? चेहरा मात्र बघण्यासारखा झाला होता. आत्ता तुझा झालाय ना, तसाच."

"मग काय केलं?"

"करणार काय. सालं, डोकी सगळी फडक्यात बांधली आणि मसाल्याबरोबर पाण्यात सोडली. अर्धा तास उकळली. खेकड्यांचे पायही त्यातच. डेल म्हणाला, आमच्याकडेसुद्धा असं पाणी होत नाही. तेव्हापासून बाबा सालासकट कोळंबी आणायचे, पण पाण्यात डोक्यांची पुरचुंडी असायचीच. बाजारातून मागून आणायचे."

"वहीत हे नाही."

"कसं असेल? वही त्यांची," आई म्हणाली. दोनदा अधोरेखित कशासाठी केलं होतं ते मला तेव्हा कळलं. तो सल्ला डेलचा नव्हता. तो आईसाठी होता.

"ती कचऱ्याची पिशवी इकडे आणा दौलत. आणि कोळंबीची हळद धुऊन टाका. ईशानी, माझी जुनी व्हॉइलची ओढणी आण, खालच्या खणातली."

आम्ही दोन्ही आणल्या. आईने ओढणीच्या एका टोकात सालं-डोकी बांधली आणि दुसऱ्या टोकात मसाला, आणि ते दुहेरी गाठोडं पातेल्यात सोडलं. घरभर वास सुटला. गल्लीतल्या गाड्यांचे हॉर्न, वरच्या मजल्यावरची कोणाची तरी मुलं, सगळं नेहमीसारखं होतं. मी लिंबं चिरत होते. दौलत बटाटे धूत होता आणि एकेक बटाटा आईला दाखवून मग आत टाकत होता. आता कशाचाच भरवसा उरला नसावा.

"हो, बटाटे सालासकट," आई म्हणाली. "घाबरू नका."

नैवेद्याचं ती कधी चाखत नाही, देवाचं मीठ अंदाजाने घालते. पण बाकी कुठलंही भांडं खाली उतरवायच्या आधी पळीने थेंबभर तळहातावर घ्यायचा आणि चाटून बघायचा, ही तिची पद्धत. मका घालून झाल्यावर तिने पळी पाण्यात बुडवली, तळहातावर उलटी केली आणि जीभ लावली.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली आणि दोन मुठी मीठ घातलं.

पाणी तीन किलो कोळंबीच्या डोक्यांचं होतं. मी लिंबाकडे बघत राहिले. दौलतने हात पुन्हा एकदा धुतले.

खेकडे आठ मिनिटं. सोललेली कोळंबी आईने गॅस बंद करून मग घातली आणि झाकण ठेवलं. "दोन मिनिटं उकळली तर रबर होईल," ती म्हणाली. वीस मिनिटं कोणी झाकण उघडलं नाही. तेवढ्यात रफिक नमाज आटोपून आला, मागोमाग सुजीत आणि धनंजय. मी वॉशिंग मशीनजवळच्या पेपरांच्या थप्पीकडे गेले. बाबा दर वर्षी याच कामासाठी पेपर साठवत. सगळ्यात वरच्या पेपरावर ते गेले त्याच्या आदल्या दिवशीची तारीख होती. मी थप्पीच्या तळाचे घेतले.

आम्ही पातेलं गाळून टेबलावर ओतलं. मका, बटाटे, तांबडे झालेले खेकडे, गुलाबी कोळंबी. वाफ वर गेली. चौघे टेबलाभोवती उभे राहिले. कोणी हात लावला नाही.

"बसा ना," आई म्हणाली. "करा सुरुवात."

"आदी तुमी, वयनी," दौलत म्हणाला.

"मी मासे सोडलेत. ईशानी बसेल."

सुजीतने खिशातला मोबाइल काढून बघितला आणि परत ठेवला. धनंजय मक्याकडे बघत होता. रफिकने खुर्ची ओढली आणि हात मांडीवर ठेवून बसला.

"मग भाभी, आम्ही असेच बसतो. मला काय, घाई नाही. गाडी उद्या सकाळीच काढायची आहे."

"हट्ट करू नका रफिकभाई. गार होईल."

"होऊ दे," दौलत म्हणाला. "वयनी, मीठ कोणी बघितल्यान?"

आई त्याच्याकडे बघत राहिली.

"मीठ बघणं म्हणजे खाणं नव्हे."

"नाय कसा," दौलत म्हणाला. "मी आपला इचारलंय. पाणी कसला होता ता?"

"कोळंबीचं," रफिक म्हणाला. "खेकड्याचं पण. वास लिफ्टपर्यंत येत होता."

आईने उजवा तळहात उघडून बघितला. त्यावर काहीच नव्हतं. मी मध्ये बोलायला हवं होतं का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मी उभी राहिले.

"मी बटाटा घेते," आई म्हणाली आणि बसली.

"बटाटो चलता," दौलत लगेच म्हणाला.

तिने एक बटाटा फोडला आणि मीठ-लिंबू न लावता अर्धा तोंडात घातला. चौघांनी एकदम हात पुढे केले. धनंजय म्हणाला की सोललेली कोळंबी म्हणजे व्हीआयपी सर्व्हिस आहे, सरांच्या वेळी नखं दुखायची. दौलत म्हणाला, पुढच्या वर्षी मका पण सोलून देईन. रफिकने त्याला विचारलं, आणि मग खेकडे तूच चावून देणार का?

आईने दुसरा बटाटा घेतला. मग मान वर न करता मला म्हणाली, "वरच्या ड्रॉवरमध्ये त्यांचा पाना असेल. आण जरा."

तो यार्डातला जुना पाना होता. खेकडे फोडण्याखेरीज बाबा तो कशालाही वापरू देत नसत. मी तो आणून तिच्या हातात दिला. तिने ढिगातून एक नांगी ओढली, पेपरावर आडवी धरली, फोडली आणि दौलतसमोर ठेवली. दुसरी रफिकसमोर. सुजीत-धनंजयसमोर एकेक. एक माझ्यासमोर.

मग तिने आणखी एक फोडली आणि ती कोणासमोर ठेवली नाही, स्वतःच्या हातात ठेवली.