आधी घरचा

"कोणी? कोणी हात लावला?"

सरांनी नातीची बोटं खिडकीच्या उजेडाकडे धरली. मधल्या बोटांची नखं काळीनिळी पडली होती, पेरं सुजून गुळगुळीत झाली होती. "लाकडी पट्टी. तीही उभी धरून, कडेनं. हे काय मारणं झालं?"

या विषयातलं त्यांना कळतं, याबद्दल घरात दुमत नव्हतं.

"सोडा ना आजोबा, दुखतंय."

"उद्या मी स्वतः येतो शाळेत. बघतोच त्या मास्तरड्याकडे!"

मुलीचा बाप नुकताच कामावरून येऊन दारात उभा होता. चष्म्याच्या दुकानात काचा घासघासून त्याच्या बोटांच्या रेघांत पांढरी भुकटी कायमची बसली होती. म्हाताऱ्याचा आवाज चढला की या वयातही तो आहे तिथंच ताठ उभा राहायचा. आज मात्र तो आवाज पहिल्यांदाच त्याच्या बाजूनं चढला होता.

"हो, सर," तो म्हणाला.

सख्ख्या बापाला तो सर म्हणायचा, आणि बाहेरच्यांना त्याचं कोण कौतुक! लहानपणी तो बापाच्याच वर्गात होता आणि एकदा भर वर्गात चुकून 'बाबा' म्हणून गेला होता. त्या दिवसाचे वळ उतरेपर्यंत त्यानं ठरवून टाकलं, की घरात एक आणि शाळेत एक असा घोळच नको. बायको लग्न होऊन आली तेव्हा तिला हसू आवरेना. "तुमच्या घरात शाळा सुटतच नाही वाटतं!" म्हणायची. पुढं तिचंही हसणं बंद झालं.

पोरीचा गुन्हा तरी काय, तर वर्गात कोण बोलत होतं ते तिनं सांगितलं नाही. बाकावरच्या शेजारणीचं नाव घे म्हटलं, घेतलं नाही. आता सगळ्या वर्गासमोर माफी मागायची, नाहीतर वर्गाबाहेर उभं राहायचं.

"मी नाही मागणार," जेवताना ती म्हणाली.

"मुळीच मागायची नाही!" सरांनी ताटावर हात आपटला. त्या रात्री बाप दोन घास जास्त जेवला.

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या मालकाची बोलणी खाऊन त्यानं अर्ध्या दिवसाची सुट्टी काढली. रस्त्यानं सर पुढं, मागं तो आणि पोर. काय बोलायचं याचा त्यानं विचारच केला नव्हता. सर असताना आपण कशाला तोंड उघडायचं?

वरच्या मजल्यावरच्या शिक्षकांच्या खोलीत ओल्या भिंतीचा आणि खडूचा वास होता. वर्गशिक्षक हात पुसत आत आला आणि जागीच थांबला.

"सर? अहो, तुम्ही!" त्यानं लगबगीनं स्वतःची खुर्ची पुढं सरकवली. "ही तुमची नात? आधी सांगायचं नाही का! आणि हा... अरे, तू बोहनी ना रे?"

"बोहनी म्हणजे?" पोरीनं बापाकडे पाहिलं. बाप खिडकीकडे पाहत होता.

"अगं, दुकानदाराचं सकाळचं पहिलं गिऱ्हाईक," वर्गशिक्षक रंगात आला. "सर वर्गात आले की पहिली छडी तुझ्या बाबांना. चूक असो, नसो. मग आमचा नंबर. पोटच्या पोरालाच आधी हाणतात म्हटल्यावर कुणाच्या आईबापाची टाप होती तक्रार करायची?"

"आधी घरचा, मग दारचा," सर म्हणाले. घरून आणलेला आवाज कुठल्या कुठे गेला होता.

चहा आला. सर जन्मभर ज्या पावतीची वाट पाहत होते, ती त्यांना आज बसल्या जागी मिळत होती. "मी आज जो काही आहे तो त्या छडीमुळे," वर्गशिक्षक म्हणाला, आणि म्हाताऱ्याचे डोळे पाणावले.

"फक्त एक," सर बशीत चहा ओतत म्हणाले, "कडेनं मारू नये रे. सपाट मारावी. हाड वाचतं."

"चुकलंच, सर."

एवढीच तक्रार. मग ते नातीकडे वळले. "चल, माफी माग. तुझे सर तुझ्या भल्यासाठीच सांगतात."

पोर हलली नाही.

"आजोबांसारखीच हट्टी!" वर्गशिक्षक हसला. "सरांच्या वर्गात असतीस ना, तर कळलं असतं." त्यानं मान ताठ केली, भुवया चढवल्या आणि हुबेहूब तोच आवाज काढला. "हात... पुढे!"

बापाचा हात पुढे आला.

कोपरात ताठ, तळवा वर, अंगठा बाजूला घट्ट चिकटलेला. मग वर्गशिक्षकाला हसू फुटलं. "पाहिलंत, सर? अजून विसरला नाही!"

सरही हसले, अगदी कौतुकानं. "याला म्हणतात वळण."

पोर हसली नाही. ती बापाच्या अंगठ्याकडे पाहत होती; तो कसा धरायचा हे शिकून घेतल्यासारखी.

त्यानं हात खाली घेतला.

"ती माफी मागणार नाही," तो म्हणाला. आवाज अगदी चिरका निघाला.

"काय?"

"नाही मागणार, सर."

"मग वर्गात बसता यायचं नाही," वर्गशिक्षकाचं हसू ओसरलं. "आणि जवळपास दुसरी शाळा नाही, हे तुलाही माहीत आहे."

"माहीत आहे. दाखला तयार ठेवा."

"खाली बस," सर म्हणाले. त्याचे गुडघे खरोखरच वाकले. मागची खुर्ची पायांना लागली. पण तो बसला नाही. "दप्तर घेऊन ये गं," तो पोरीला म्हणाला, आणि ती पळतच गेली.

बाहेर व्हरांड्यात बापलेक थांबली. आत सरांनी चहा संपवायला मुद्दाम वेळ लावला. मग ते एकटेच बाहेर आले. वर्गशिक्षक दारापर्यंतसुद्धा आला नाही.

जिना अरुंद होता, कठडा नव्हता. सर वरच्या पायरीशी येऊन थबकले.

"मान खाली घालायला लावलीस मला. आणि तीही माझ्याच विद्यार्थ्यासमोर."

तो एक पायरी उतरून पाठमोरा उभा राहिला. मग त्याच्या खांद्यावर तो हात आला. हलका झालेला.

"सावकाश, सर," तो म्हणाला. "ही पायरी तुटकी आहे."