पोटातलं वारूळ

“ओक पोरी, ओक. वारूळ फोड, वाळवी काढ. आतलं बाहेर, बाहेरचं मातीत. ओक गं बाई, ओक.”

तीस वर्षं झाली, तरी वैदिणीचा तो आवाज चेपुरायच्या कानातून गेला नव्हता. पोट फुगलेल्या थोरल्या बहिणीला झाडाच्या सालीचा काढा पाजला जायचा, आणि सहा वर्षांची चेपुराय खाली भोपळ्याचा तुंबा धरून उभी असायची. बहीण गेली, तिच्या ओकारीचा वास मात्र नाकात घर करून राहिला.

आता पोकोट या गुराखी जमातीच्या मुलखातल्या एका दवाखान्यात ती नर्स होती. वारुळावर बसून गुरं राखणाऱ्यांना तिथली बारीक माशी चावते. मग ताप, मग प्लीहा सुजून पोट नगाऱ्यासारखं. लिमाकोरी या तरुण गुराख्याचं तेच झालं होतं. सुयांचे दोन कोर्स फुकट गेले. त्याच्या अंगातले जंतू सुयांना सरावले होते. मग कॅप्सूल आल्या, मुळात कॅन्सरसाठी शोधलेल्या. अठ्ठावीस दिवस, सकाळ-संध्याकाळ, भरल्या पोटी. त्या दवाखान्यात त्याच्यासाठी यापुढे दुसरं काही नव्हतं.

पहिल्याच दिवशी तो खाटेवरच भडाभडा ओकला. त्याला भरवायला आलेली आत्या उशाशीच होती.

“सिस्टर, हे विष आहे. मी चाललो घरी.”

घरी गेला असता तर परत आला नसता. चेपुराय श्वास रोखून त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि बोलून गेली, “अरे, ओकलास म्हणजे औषध लागू पडलं. रोग बाहेर पडतोय बघ.” तो थांबला. ती मात्र हे कुणाला बोलली नाही.

सोळाव्या दिवशी ताप पुन्हा चढला. पोट तसूभरही उतरलं नव्हतं.

“तुझ्यासमोर गिळतो ना?” डॉक्टर सिमियूंनी विचारलं.

“गिळतो. तोंड उघडून दाखवतो.”

गिळतो खरा, पण मग लगेच कुठे जातो? दुसऱ्या दिवशी ती मागोमाग गेली. रुग्णांचे नातेवाईक रांधायचे त्या चुलींच्या मागे, काटेरी झुडपाखाली खड्डा होता. पिवळट, फेसाळ, माशांनी काळा झालेला. त्यात कॅप्सूलची चिकट टरफलं, आणि एक कोंबडी ती चवीनं टिपत होती. खड्ड्याच्या काठाशी लिमाकोरी ओणवा. त्याची आत्या चेसिनेन एका हातात काढ्याची वाटी धरून, दुसऱ्या हाताची बोटं त्याच्या घशात घालत होती.

“आत्या! हे काय चाललंय?”

“दिसत नाही? तुमची गोळी आळशी गं. पोर नुसतं मळमळतं, धड ओकत नाही. तिला कामाला लावायला म्हातारीच लागते.”

“रोज?”

“रोज, दोन्ही वेळा. जेवायच्या आधीच गिळायला लावते गोळी, म्हणजे दूध वाया जात नाही.” म्हातारीनं अंगावरच्या कापडाला बोटं पुसली, कौतुक होईल अशा चेहऱ्यानं.

आरडाओरडा ऐकून डॉक्टर आले. खड्डा पाहून त्यांनी नाकाला रुमाल लावला.

“अडाणी बाई! एवढं महागामोलाचं औषध कोंबड्यांना चारतेस? अर्धवट औषधानं त्याचे जंतू यालाही सरावतील, कळतंय का? भाच्याला मारायला निघालीस तू. आजच्या आज दवाखान्यातून चालती हो.”

“ती गेली तर मीही चाललो,” लिमाकोरी तोंड पुसत म्हणाला. “मला भरवणार कोण? तुम्ही?”

तो उठायला गेला आणि गुडघ्यावर बसला. चेसिनेननं त्याला काखेत हात घालून धरलं. तिनं एकदाच चेपुरायकडे पाहिलं. कुणाचं ऐकून हे केलं, ते सांगता आलं असतं तिला. पण ती भाच्याची काठी शोधू लागली. निघालीच होती दोघं.

चेपुरायला खड्ड्याची शिसारी येत होती, कोंबडीची येत होती, रुमालाआडच्या त्या नाकाची येत होती. पण सगळ्यात घाण चव तिच्या स्वतःच्या तोंडात होती, सोळा दिवस गिळून ठेवलेली.

“डॉक्टर, तिला बोलू नका. ओकलास म्हणजे औषध लागू पडलं, असं मी सांगितलं होतं त्यांना. पहिल्याच दिवशी. तो पळून जाऊ नये म्हणून.”