दुसऱ्यांदा आवळताना

मिस्त्रीने रेडिएटरच्या तोंडावर गळती तपासायचा हातपंप बसवला, दाब भरला आणि काट्याकडे बघत उभा राहिला. काटा क्षणभर थांबला, मग हळूहळू खाली सरकू लागला.

"पितंय बघा," ट्रकचा ड्रायव्हर म्हणाला. "रोज लिटरभर पाणी. घरी आलेला पाहुणासुद्धा एवढं पीत नाही."

"गप्प बस जरा."

तेलाची पट्टी मिस्त्रीने आधीच काढून पाहिली होती. तेल दुधाळ झालेलं नव्हतं. धूरही पांढरा नव्हता. म्हणजे पाणी आत जात नव्हतं, बाहेरच कुठेतरी गळत होतं. नळ्या कोरड्या, पाण्याचा पंप कोरडा. इंजिनाचं वरचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्या सांध्यावरची घाण त्याने चिंधीने पुसली आणि तिथे वर्तमानपत्राचा तुकडा दाबून धरला. कागदावर नखाएवढा हिरवट डाग उमटला.

"महिना नाही झाला इंजिन बांधून," ड्रायव्हर म्हणाला. "तुमच्या धाकट्या भावानेच बांधलंय. आता तुम्हीच लिहून द्या, काम कच्चं आहे म्हणून. उद्या स्टँडवर चारचौघांत त्याची अब्रू काढतो. एक गाडी त्याच्या दारात फिरकणार नाही."

मिस्त्री हेडच्या बोल्टांकडे बघत होता. प्रत्येक बोल्टाच्या डोक्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका. सगळे सारखे, बरोबर मधोमध. काम इतकं सुबक की चीड यावी. पिवळा ठिपका मात्र एकावरही नव्हता.

अठरा वर्षं दोघांची एकच रीत होती. धाकट्याने इंजिन बांधायचं, बोल्ट आवळायचे, पांढरा ठिपका लावून हात धुवायला जायचं. मग इंजिन तासभर चालवायचं. ते तापलं की सांध्यातली चकती, गास्केट, दबतं, बोल्ट सैल पडतात. तेव्हा थोरल्याने जोर मोजून आवळणारा टॉर्क पाना घेऊन एकेक बोल्ट पुन्हा आवळायचा आणि पिवळा ठिपका लावायचा. दुसऱ्यांदा आवळायचा मान थोरल्याचा, हे ठरवलं होतं थोरल्यानेच. तीन वर्षांपूर्वी धाकट्याने एकदा तो पाना उचलला. थोरल्याने गिऱ्हाइकांसमोर त्याच्या हातातून हिसकावून घेतला. म्हणाला, तुझ्या हाताला घाई आहे. धाकटा त्याच दिवशी निघून गेला.

अजूनही इंजिनावर वाकलेला मिस्त्री कधी कधी न बघता हात मागे करून पाना मागतो. हात रिकामाच परत येतो.

इथेही तसंच झालं होतं. धाकट्याने पांढरे ठिपके लावले, हात धुवायला गेला, आणि त्याच्या मागून येणारं कोणी नव्हतं.

"लिहिताय ना?" ड्रायव्हरने खिशातून पेन काढलं.

"काय लिहू?"

"चूक कोणाची ते."

"माझी."

ड्रायव्हर खो खो हसला. "अहो, तुम्ही तर या इंजिनाला हातही लावला नव्हता!"

"तेच म्हणतोय."

ड्रायव्हरने पेन परत खिशात खोचलं. मिस्त्रीने पंप काढला, रेडिएटरमध्ये हिरवं कुलंट भरलं, झाकण घट्ट बसवलं.

"गास्केट अजून जळलेलं नाही. तापवून पुन्हा आवळलं की गळती थांबेल."

"मग करतो चालू."

"इथे नको. त्याची शेड किती लांब आहे?"

"तासाभराचा रस्ता. तीन वर्षांत एकदाही गेला नाहीत?"

मिस्त्री आत गेला. खिळ्याला टांगलेला धुतलेला शर्ट घालून, पाना फडक्यात गुंडाळून बाहेर आला आणि कॅबिनमध्ये चढला.

"पोचेपर्यंत इंजिन बरोबर तापेल," तो म्हणाला.

"म्हणजे त्याच्या दारात जाऊन तुम्ही आवळणार?" ड्रायव्हरने डोळा मारला. "मग काय, अब्रू तुम्हीच काढताय!"

"तो आवळेल."

"आणि तुम्ही?"

मिस्त्रीने दार दोनदा ओढलं, तेव्हा कुठे ते लागलं.

"दिवा धरेन. धरू दिला तर."