परळहून उडालेला बलून

मित्रांनो, मी एक जुना बलून आहे. आता मला बघितलंत तर ओळखणार नाही, कारण मी फुगत नाही. वरळीच्या कोळीवाड्यात एका उलट्या होडीवर अंथरलेला असतो. पण एके काळी मी माणसांना टोपलीत बसवून आभाळात नेत होतो. परळ-लालबागचे लोक मला विमान म्हणायचे.

माझा जन्म विलायतेतला. जाड कापडाच्या लांब लांब पट्ट्या शिवल्या, त्यावर रोगण चढवलं, वरून दोरीचं मोठं जाळं घातलं आणि त्या जाळ्याला खाली वेताची टोपली बांधली. म्हणजे बघा, माणसांचा सगळा भार जाळ्यावर. मग आगबोटीतून मुंबईला आलो. माझा साहेब भारी हौशी होता. परळला गॅसच्या कारखान्याजवळ मोकळी जागा होती. तिथे नळी लावून तो मला फुगवायचा आणि पासिंजरांना वर न्यायचा. खाली ही गर्दी! लोक झाडांवर चढून बघायचे.

खरं सांगतो, मी काही फार भरवशाचा नव्हतो. पहिल्याच फेरीत माझी टोपली गिरणीच्या धुराड्याला घासली. आत गिरगावचे श्यामकांत प्रभू बसले होते, त्यांची पगडी थेट धुराड्यात गेली. खाली उतरल्यावर आळीत जाऊन त्यांनी सांगितलं म्हणे की विमान झकास आहे, फक्त बोडक्यानं बसा.

दुसऱ्या वेळी मी लालबागला एका चाळीच्या छपरावर बसलो. कौलं फुटली. राधाबाई म्हणून एक बाई होत्या, त्या खालून म्हणाल्या, "मेल्या, बसायला दुसरं घर नाही मिळालं?" साहेबाला काही कळलं नाही. त्यानं टोपी काढून त्यांना सलाम केला. सगळी चाळ हसली. मलाही हसू आलं. कुणाला साधं खरचटलंही नव्हतं ना! अपघात म्हणजे अशीच गंमत असते, असं मला वाटायला लागलं.

पण त्या कौलांनी माझं जाळं जागोजागी तोडलं. ते विणायला साहेबानं वरळीच्या कोळीवाड्यातून महादेवला आणलं. काळाकभिन्न, हसरा माणूस. मांडीवर माझं जाळं घेऊन बसायचा आणि लाकडी सुईनं असं भराभर विणायचा की बघत राहावं. माशांऐवजी वारा धरायचं जाळं आपण विणतोय, असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. त्याला एकदा वरून आपला कोळीवाडा बघायचा होता. त्याची बायको गुणवंती डबा घेऊन आली की त्यावरून त्याची खेचायची. आभाळात कुठली मासळी मिळते, तेवढं मला सांग, म्हणायची.

एका थंडीतल्या सकाळी साहेबाचा मदतनीस तापानं पडला आणि महादेवला टोपलीत जागा मिळाली.

आम्ही वर गेलो. मतलई वारा सुटला होता, जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा. त्यानं मला धरलं आणि पश्चिमेला ओढलं. साहेब घाबरला. समुद्र यायच्या आत गॅस सोडून शेतात उतरू, असं तो खुणेनं सांगत होता. महादेवनं त्याचा हात धरला आणि बोटानं पुढचं पाणी दाखवलं.

"साहेब, पान्यावर उतरू. तिथं आपली मानसं हायत."

कोळ्याला वादळात भीती असते ती जमिनीची, खडकाची. पाणी त्याचं घरच. साहेबानं ऐकलं. वरळीचं टोक आलं तसा त्यानं गॅस सोडला आणि मी खाली आलो. पाण्यावर नाही, मित्रांनो. किनाऱ्याजवळच्या खडकांवर आपटलो. टोपली कलंडली. साहेब एका खडकावर फेकला गेला आणि कण्हत पडून राहिला. महादेव पाण्यात पडला. माझं कापड वाऱ्यानं एका बाजूला गेलं आणि जाळं सगळंच्या सगळं त्याच्या अंगावर आलं.

त्यानंच विणलेलं जाळं. हात अडकले, पाय अडकले, गळ्याभोवती दोरी. भरती चढत होती.

माणसं धावत आली. महादेवचा थोरला भाऊ हरेश्वर सगळ्यांत पुढे. आता सुटला, असं मला वाटलं. पण हरेश्वर छातीभर पाण्यात उभा राहून माझी एकेक गाठ सोडवायला लागला! सगळेच तसे. कुणी खडकात अडकलेला कोपरा अलगद उचलत होतं, कुणी पीळ काढत होतं. कोळ्याच्या घरात जाळ्याला पाय लावत नाहीत, सुरी तर नाहीच नाही. जाळं खडकात अडकलं तरी दिवसभर बसून सोडवतात. जाळ्यावर घर चालतं, म्हणून त्याची पूजा करतात. त्यांचे हात आपोआप तेच करत होते. इतक्या मायेनं मला आजवर कुणी हाताळलं नव्हतं. आणि माझ्याखाली महादेवच्या तोंडावरून पाणी जात होतं.

मला ओरडायचं होतं. कापडाला कुठलं तोंड!

गुणवंती जवळच खडकावर कालवं फोडत होती. ती हातातला कोयता घेऊन पाण्यात आली. हरेश्वरनं तिला अडवलं. "जाल्याला लोखंड लावू नको. त्यात परक्याचं हाय."

"दादा, बाजूला हो. जालं तू परत विनशील. याला कोन विनंल?"

थोरल्या दिराशी ती असं कधी बोलली नव्हती. हरेश्वरचे हात थांबले. तिनं जाळं मुठीत धरलं आणि कापलं. परत कापलं. प्रत्येक घावाला बायाबापड्या डोळे मिटत होत्या. महादेव बाहेर निघाला तेव्हा निळा पडला होता. हरेश्वरनंच त्याला पालथा घातला, पाठीवर थापट्या मारल्या. बऱ्याच वेळानं तो खोकला. गुणवंती तिथेच वाळूत बसली आणि त्याच्या बोटांत अडकलेले माझे दोरे काढायला लागली.

महादेव जगला. आवाज मात्र घोगरा झाला तो कायमचा. साहेब मला तिथेच टाकून आगबोटीनं निघून गेला. माझं जाळं पुन्हा कुणी विणलं नाही.

एवढी वर्षं झाली, तरी ते मायाळू हात आठवले की मी आतून हादरतो. ती वाईट माणसं नव्हती हो. ती माझी काळजी घेत होती!

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला नेहमी सांगतात, आम्हाला जपा. जरूर जपा. पुसा, शिवा, उन्हात वाळवा. पण आमच्याखाली कुणी गुदमरत असेल, तर आमची कीव करू नका. कोण काय म्हणेल ते बघू नका, आम्ही कुणाच्या मालकीचे ते विचारू नका. आधी कापा. आम्हाला दुखत नाही.