समान संधीचा कंट्रोलर

ते दोन हजार आठ साल होतं. मोबाइलला अजून बटणं होती, ऑफिसातले कागद पंख्याने उडू नयेत म्हणून त्यांवर काचेचे गोळे ठेवत, आणि साहेबलोकांना प्रशिक्षणाला धाडायची साथ नुकतीच सुरू झाली होती. आधीचे साहेब प्रशिक्षणाहून येताना एक बॅग आणि सर्दी घेऊन यायचे. नव्या साहेबांनी व्हिडिओ गेम आणला.

कंपनी वजनकाट्यांची होती. तिचा तक्रार विभाग पहिल्या मजल्यावर, जिन्याशेजारच्या लांबट खोलीत होता. काटा कमी दाखवतो, जास्त दाखवतो, रिकामा असतानाही काहीतरी दाखवतो, अशा तक्रारी दिवसभर यायच्या आणि चार माणसं त्या ऐकून घ्यायची. ऐकून घ्यायची, एवढंच. काटे दुरुस्त करणारे तळमजल्यावर बसत. चौघांत एक हेडक्लार्क, जे कुठल्याही प्रश्नावर आधी चष्मा पुसत. दुसरे नियमकाका. कुठलाही नियम त्यांना पाठ असे, आणि नसला तर तिथल्या तिथे तयार करता येई. तिसरा फोनवरचा गोडबोल्या. आणि चौथी डावरी. ती डाव्या हाताने लिहायची, म्हणून हे नाव. तिलाही त्याची इतकी सवय झाली होती की खऱ्या नावाने कुणी हाक मारली तर ती मागे वळून बघायची, कोण आलंय म्हणून.

त्या वर्षी कंपनीने डोंगरापलीकडे शाखा उघडली. तिथे फोन लागायचा तर गच्चीवर चढावं लागे, आणि गच्चीला जिना नव्हता. विभागातल्या एकाने तिकडे कायमचं जायचं होतं. कुणाला पाठवायचं हे ठरवणं साहेबांच्या जिवावर आलं होतं. कुणाला पाठवलं तरी ओरड होणार. पण प्रशिक्षणात ते ‘खेळातून निर्णय’ शिकले होते. त्यांनी विश्रांतीच्या खोलीत टीव्ही लावला, त्याला खेळाचं यंत्र जोडलं आणि सगळ्यांना बोलावलं.

“उडत्या बशा फोडायच्या,” साहेब म्हणाले. “महिनाअखेरीस स्पर्धा. जो शेवटचा येईल त्याला नव्या शाखेची संधी. अगदी पारदर्शक. विभागातला प्रत्येक जण खेळणार, माझ्यासकट. मी काही वेगळा नाही.”

साहेबांच्या घरी तसंच यंत्र होतं आणि ते रोज खेळत, हे त्यांनी सांगितलं नाही.

खेळ सोपा होता. हातात धरायच्या कंट्रोलरवर अंगठ्याने हलवायच्या दोन छोट्या दांड्या. डाव्या दांडीने चालायचं, उजव्या दांडीने नेम धरायचा, उजव्या बोटाने बार काढायचा. नेम आणि बार दोन्ही उजव्या हाताकडे. डाव्या हाताकडे फक्त पायपीट.

डावरीने पहिल्या दिवशी छत फोडलं, जमीन फोडली, टीव्हीतल्या एका झाडाची फांदी पाडली. बशा मजेत उडत राहिल्या.

“ताई, बशा वर आहेत हो,” गोडबोल्या गोड आवाजात म्हणाला.

“दिसतायत मला. आंधळी नाही मी, डावरी आहे.”

“नाचता येईना, अंगण वाकडं,” हेडक्लार्क चष्मा पुसत म्हणाले.

अंगण खरोखरच वाकडं असेल तर बाईने काय म्हणावं, हे म्हणीत सांगितलेलं नाही. डावरी साहेबांकडे गेली. डावखुऱ्यांसाठी वेगळा कंट्रोलर मागवता येईल का, म्हणून विचारलं.

“कसं आहे ना,” साहेब खुर्चीत रेलत म्हणाले, “मी सगळ्यांना सारखंच लेखतो. एकाला वेगळं दिलं तर तो भेदभाव होईल.”

तिने यंत्राच्या कंपनीला फोन लावला. तिकडची मुलगी फार अदबीने बोलली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “आपण उजव्या हाताने प्रयत्न करून पाहिलात का?”

डावरीने फोन ठेवला. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. रोज त्याच आवाजात ती लोकांना विचारायची, “काटा सपाट जागेवर ठेवून पाहिलात का?”

घरी सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलेला, एकाच्या शस्त्रक्रियेची तारीख लागलेली. डोळ्यांत थेंब घालायचे ते सुनेने. मुलगा घालायचा तेव्हा अर्धी बाटली कानात जायची. सुनेची बदली झाली तर त्या अशा अर्धवट दिसणाऱ्या डोळ्यांनी मुलाच्या स्वाधीन राहणार होत्या. मुलगा गुणी होता, पण त्याला चहा करायला सांगितला तर तो आधी चहा कुठे असतो ते विचारायचा.

“म्हणजे तू डोंगरापलीकडे, आणि मी या दगडापाशी?” सासूबाईंनी विचारलं.

“आई, मी इथेच बसलोय,” नवरा म्हणाला.

“म्हणून तर दगड म्हणाले. हलला असतास तर वेगळं म्हणाले असते.”

आता सासूबाईंचं एक सांगायला हवं. सून लग्न होऊन आली त्या दिवसापासून त्यांनी तिच्या डाव्या हाताशी दावा मांडला होता. डाव्याने वाढलं की त्या ताट मागे घेत. डाव्याने झाडलं की कचरा राहिला म्हणत, तो नसला तरी. चार लोकांत सुनेचा डावा हात पुढे आला की त्यांचा चिमटा तयार. दुसरीकडे, याच सासूबाई तरुणपणी रेडिओच्या कारखान्यात होत्या. दिवसभर तारांना डाख द्यायचा, म्हणजे तापलेल्या टोकाने कथील वितळवून तारा जोडायच्या. ते काम सुटलं, पण डाख द्यायची जुनी पेटी त्यांच्या पलंगाखाली होती आणि तिला कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

“मला दाखव तो काय खेळ आहे तो,” त्या म्हणाल्या.

डावरीने रीतसर परवानगी घेऊन ऑफिसातला एक जादा कंट्रोलर घरी आणला. सासूबाईंनी तो चाचपला, पाठीवरचे स्क्रू नखाने मोजले आणि उघडायला सांगितला. आत हिरवी पट्टी, तिच्यावर दोन दांड्यांचे दोन ठोकळे. सासूबाईंना ठोकळे दिसत होते, ठोकळ्यांचे पाय दिसत नव्हते. हातही पूर्वीचा राहिला नव्हता, कापत होता.

“प्रत्येक ठोकळ्याला तीन-तीन पायांच्या दोन रांगा असतील. आहेत?”

“आहेत.”

“कडेचे पाय सोडून दे. निरोप जातो तो मधल्या पायातून. डावीकडचे मधले पाय उजवीकडच्या वाटेला जोडायचे, उजवीकडचे डावीकडे. बार काढायच्या बटणांचंही तसंच. मुळात माणसाने जे केलंय ते माणसाला उलटं करता येतं.”

डावरीने पेटीतली डाख द्यायची कांडी उजव्या हातात धरली. सासूसमोर तशीच सवय होती. टोक थरथरलं, कथील भलतीकडे सांडलं.

“काय करतेस गं?”

“आई, उजव्या हाताने जमत नाही.”

नवऱ्याने वर्तमानपत्र तोंडासमोर घेतलं. त्याला वाटलं, आता पुढचा आठवडा घरात कोणी बोलणार नाही.

“मग डाव्यात धर की,” सासूबाई म्हणाल्या. “तेही मीच सांगायचं का?”

डाव्या हातात कांडी आली आणि काम सरळ झालं. सासूबाई कानाजवळ बसून सांगत होत्या, “आधी पाय तापव, मग कथील दाखव. घाईने डाख दिला तर वरून चिकटलेलं दिसतं, आतून सुटं राहतं. अर्धे संसार तसेच असतात.” नवऱ्याने वर्तमानपत्र आणखी वर घेतलं.

पहिल्यांदा दोन तारा चुकून उलट्या लागल्या आणि ऑफिसात जोडून पाहिलं तर दांडी डावीकडे ढकलली की नेम आकाशात जाऊ लागला. घरी आणून, पुन्हा उघडून ते निस्तरलं. मग डावरीने कंट्रोलर परत ऑफिसात नेऊन जोडला, डाव्या अंगठ्याने नेम धरला आणि बशा फोडायला लागली. एकही बशी तिच्या नेमातून सुटेना. काचांचा आवाज ऐकून तळमजल्यावरचे लोक वर आले.

दुपारपर्यंत तक्रार विभागात तक्रार दाखल झाली. त्या विभागाने स्वतःहून लिहिलेली ती पहिलीच.

“हा यंत्रात फेरफार आहे,” नियमकाका म्हणाले. “आम्ही साध्या कंट्रोलरने मरायचं आणि यांनी खास कंट्रोलरने फोडायचं?”

“काका, तुमचा साधा तुमच्या हाताचा आहे. हा माझ्या हाताचा आहे.”

“तो सगळ्यांचा साधा असतो. म्हणून तर त्याला साधा म्हणतात.”

काट्याच्या धंद्यात सगळ्यांना एक गोष्ट माहीत असते. काटा ज्याच्या बाजूने झुकतो तो कधी तक्रार घेऊन येत नाही. पण ती गोष्ट गिऱ्हाइकांबद्दल आहे असंच सगळे समजून होते.

साहेबांनी आधी तो कंट्रोलर बाद करायचं ठरवलं. पण तेवढ्यात गोडबोल्या हळूच म्हणाला, “साहेब, इतक्या बशा फोडणारी वस्तू बाद कशाला करायची? आपल्यालाच मिळाली तर?”

हेडक्लार्कांनी चष्मा दोनदा पुसला. नियमकाकांना लगेच नियम सुचला: ‘सर्व स्पर्धकांना चालू स्थितीतील समान कंट्रोलर.’ आणि समान म्हणजे हाच.

“अहो, पण तो तुम्हाला उलटा पडेल,” डावरी म्हणाली. “तुमचा उजवा हात नुसता चालत राहील. ऐका माझं.”

“बघा, घाबरली,” हेडक्लार्क म्हणाले.

“आपलं गुपित कोण सोडतं, ताई?” गोडबोल्याने तिला गोड समज दिली.

डावरीने आणखी एकदा सांगितलं आणि मग नाद सोडला. ज्यांना खड्डा दाखवूनही वाट वाटते त्यांच्यापुढे कंदील धरून किती उभं राहायचं? नियमकाकांनी कंट्रोलर पुरावा म्हणून लाखेने बंद करून कपाटात ठेवला. स्पर्धेपर्यंत कुणीच त्याला हात लावायचा नाही, अगदी समान.

स्पर्धेला मुख्य कार्यालयातून मोठे साहेब आले. साहेबांनीच बोलावलं होतं, आपली पारदर्शकता कुणीतरी बघायला हवी म्हणून. लाख फोडली आणि हेडक्लार्क उठले. त्यांचा नेम खोलीभर फिरला, एकाच जागी गरगरला आणि भिंतीत नाक खुपसून थांबला. दोन बशा त्यांच्या वाटेत येऊन आपसूक फुटल्या. गोडबोल्याने बशांना सोडून बाकी सगळं फोडलं, तरी तीन मिळाल्या. नियमकाकांना तीनच मिळाल्या आणि त्यांनी चौथीवर हक्क सांगितला. तो फेटाळला गेला.

मग साहेब उठले. कोट काढला, बाह्या सारल्या. रोज घरी खेळून त्यांच्या उजव्या हाताला जे जे वळण लागलं होतं, ते सगळं आता आडवं आलं. ते नेम धरायला जात तेव्हा पळू लागत आणि पळायला जात तेव्हा आकाश बघत. शेवटी त्यांनी कंट्रोलर टेबलावर आपटला. दोनदा. बशी एक.

“यंत्र ठीक नाही,” साहेब म्हणाले.

आता डावरी. तिने कंट्रोलर हातात घेतला, डाव्या अंगठ्याने दांडी ढकलली. नेम हलेना. आपटण्याने आतली तार सुटली होती. तिच्या डोळ्यांसमोर सासूबाईंच्या थेंबांची बाटली आली, नवऱ्याच्या हातातली, कानाच्या दिशेने जाणारी.

“अरेरे,” साहेब म्हणाले आणि त्यांचा चेहरा खुलला. “यंत्राच्या दोषाला आपण काय करणार? शून्य धरावं लागेल.”

“तळमजल्यावर डाख द्यायची कांडी आहे. मी नीट करते,” डावरी म्हणाली.

“स्पर्धा मध्येच थांबवता येणार नाही!”

तेव्हा नियमकाका उभे राहिले. डावरीवर त्यांची काही माया नव्हती. पण डावरीला शून्य मिळालं तर साहेब सुटत होते, आणि साहेबांना डोंगरापलीकडे जाताना बघायची वेळ आयुष्यात पुन्हा येणार नव्हती. “नियमात ‘चालू स्थितीतील’ असं आहे,” ते म्हणाले. “ते शब्द मी उगाच घातले नव्हते.” उगाचच घातले होते.

मोठ्या साहेबांनी मान डोलावली. कांडी वर आली. डावरीने स्क्रू काढले आणि सगळ्यांसमोर कांडी डाव्या हातात धरली. आधी पाय तापवला, मग कथील दाखवलं. साहेब म्हणत होते, “लवकर, लवकर,” म्हणून तिने मुद्दाम सावकाश केलं. मग झाकण लावलं, खेळायला बसली, आणि त्या खोलीत काचेशिवाय कसलाच आवाज राहिला नाही.

मोठे साहेब खूश झाले. त्यांना खेळ कळला नव्हता, पण शेवटचं कोण आलं ते फळ्यावर लिहिलं होतं. “वा!” त्यांनी साहेबांच्या पाठीवर थाप मारली. “अधिकारी स्वतः पुढे होऊन संधी घेतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं.”

साहेब महिन्याभरात डोंगरापलीकडे गेले. तिथे त्यांनी पहिली मागणी गच्चीच्या जिन्याची केली. तिचं उत्तर गच्चीवरून फोन करून घ्यावं, असं त्यांना कळवण्यात आलं. हेडक्लार्क निवृत्त झाले आणि बशांच्या स्पर्धेत आपण दुसरे आलो होतो असं शेवटपर्यंत सांगत राहिले. नियमकाका स्वतःच्या निवृत्तीची तारीख चुकीची धरली म्हणून कंपनीशी भांडले, जिंकले, आणि तीन महिने आधी घरी गेले. गोडबोल्या मोठा साहेब झाला. त्याचं कुणाला नवल वाटलं नाही.

कंट्रोलर कंपनीने मालमत्ता म्हणून ठेवून घेतला. साधे कंट्रोलर भंगारात गेले, कारण नियमात ‘समान’ होतं. पुढे कितीतरी वर्षं नवी उजवी मुलं त्या खोलीत येऊन उलट्या दांड्यांनी छत फोडत राहिली. हा खेळच अवघड आहे, असं ती एकमेकांना सांगत.

सासूबाईंचे दोन्ही डोळे नीट झाले. पट्टी निघाल्यावर पहिल्याच जेवणाला त्यांनी सुनेच्या हाताकडे निरखून पाहिलं. डावरीने सवयीने पळी उजव्या हातात घेतली.

“डाव्याने वाढ,” त्या म्हणाल्या. “उजव्याने सांडतेस. इतकी वर्षं मला वाटायचं, मुद्दाम सांडतेस.”

पलंगाखालची पेटी त्या गेल्यावर डावरीकडे आली. ती अजून चालते. चहा कुठे असतो, ते मात्र नवरा अजून विचारतो.