वखारीतला आवाज

मित्रांनो, मी एक जुना ॲम्प्लिफायर आहे, शोभेची वस्तू नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण मध्ये दोन वर्षे लोकांनी माझ्या डोक्यावर मनीप्लांटची कुंडी ठेवली होती. कुंडी! माझ्या डोक्यावर!

मुंबईतल्या एका कारागिराने मला जुळवले. जाड लाकडी पेटी, पोटात मोठा स्पीकर, कपाळावर चार खटके. बोर्ली पंचतनच्या दयाराम गुरुजींनी भीमगीतांच्या गायन पार्टीसाठी मला घरी आणले. चौदा एप्रिलला मी असा दणकून गात असे की शेजारच्या वाडीतली माणसेही येऊन बसत. कार्यक्रम असो वा नसो, गुरुजी दर पौर्णिमेला घरच्या बुद्धवंदनेनंतर मला तासभर चालू ठेवत. "दर्याची हवा आहे, बाबांनो. ह्याला तापवला नाही तर ती आतून खाऊन टाकील," असे ते मुलांना बजावत.

पुढे गुरुजींचा गळा थकला, पार्टी मोडली आणि मी त्यांच्या मुलांच्या हाती आलो. रत्नपाल गिटार वाजवायचा आणि त्याची धाकटी बहीण दीक्षा गायची. आता गायची म्हणजे काय, ते ऐका. सुपारीच्या वाडीत वानरे हाकलताना बायका बेंबीच्या देठापासून जी आरोळी ठोकतात, ती तिने गाण्यात आणली होती. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला वाटले, पोरीला बरे नाही. या संगीताला मेटल म्हणतात म्हणे. पण आठवडाभरात मला त्याची अशी चटक लागली की गायन पार्टीची आठवणही येईना.

तालीम व्हायची ती सुपारीच्या वखारीत. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना सुपारीच्या सालांनी भरलेली पोती टांगलेली असत. म्हणून बँडचे नावही 'वखार'. प्रथमेश नावाचा मुलगा ड्रम वाजवायचा. पहिले वर्षभर नुसती आदळआपट होती, खोटे कशाला बोलू? पण मला पौर्णिमेला तापवायचे काम प्रथमेशकडे होते आणि त्याने ते कधी चुकवले नाही.

मग प्रथमेशला पनवेलला नोकरी लागली आणि त्याच्याबरोबर ड्रमही गेले. त्याच्या जागी पेणकडचा प्रणय आला. त्याच्या आजोबांचे मिठागर होते, आता घरात ट्रक आहेत. तो आला तो लग्नावरातीत वाजणाऱ्या खालूबाजातली टिमकी गळ्यात अडकवून. "ड्रम गेलं तं जाव दे," तो म्हणाला, "टिमकी हाय ना!" आणि काय सांगू, बँडचा नूरच पालटला. चार मिनिटांचे गाणे अकरा मिनिटांचे झाले. टिमकी थांबायची, दीक्षा कुजबुजायची, आणि मग एकदम ती आरोळी! सुपारी सोलून बोटे काळी पडलेल्या बायकांवर तिने 'साल' नावाचे गाणे रचले. ते ऐकून गुरुजी वखारीच्या दाराशी रडले होते. मला पौर्णिमेला चालू करणे मात्र प्रथमेश गेल्यापासून बंद पडले. का, ते मला तेव्हा कळले नाही.

शेवटी आला ऋत्विक. राहणार मुंबईचा, सुट्टीचा बंगला किहीमला. त्याच्याकडे लॅपटॉप होता. एका दुपारी 'नमुना म्हणून' त्याने दीक्षाची सगळी गाणी त्यात भरून घेतली. मग बँडचे नाव 'वखार प्रोजेक्ट' झाले, माझ्या वायरी काढल्या गेल्या आणि मी शोभेसाठी त्याच्या बंगल्याच्या व्हरांड्यात जाऊन बसलो. कुंडीची गोष्ट तिथलीच.

मग किहीमच्या एका रिसॉर्टवर संध्याकाळचा कार्यक्रम ठरला. मला स्टेजवर नेले तेव्हा मी हरखलो. तर ऋत्विकने माझ्या पोटात लाल दिवा बसवला. 'जुना लूक' हवा होता त्याला! वर दीक्षाला म्हणतो कसा, "तू फक्त ओठ हलव. लॅपटॉपवर तुझाच तर आवाज आहे. लाइव्हची रिस्क कशाला?"

दीक्षा भावाकडे वळली. "दादा, तू काही बोलणार आहेस की नाही?"

रत्नपाल सुरात लागलेलीच तार पुन्हा लावत बसला. "आजच्या दिवस ऐक ना, दीक्षा."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला!

कार्यक्रम सुरू झाला. लॅपटॉपमधून 'साल' वाजू लागले आणि दीक्षा तोंड घट्ट मिटून उभी राहिली. लोक हसू लागले. तशी ती माझ्याकडे आली, दिवा उपटून फेकला, त्याच्या जागी माझा प्लग लावला, माइकची वायर माझ्यात खुपसली आणि खटका दाबला. मित्रांनो, मी सगळा जीव लावला. अर्धी ओळ निघाली. मग खर्र झाले, जळका वास आला आणि मी बंद पडलो. ज्या दिवशी तिला माझी गरज होती, नेमका त्याच दिवशी.

तिने माइक खाली ठेवला आणि स्टेजच्या कडेला जाऊन तशीच आरोळी ठोकली. पुढच्या तीन रांगांच्या अंगावर काटा आला. मागच्या रांगांत मात्र लॅपटॉपच ऐकू येत होता. "हिचा माइक बंद आहे वाटतं," कोणीतरी म्हणाले.

प्रणयने टिमकी उतरवली आणि आम्हा दोघांना आपल्या ट्रकमधून बोर्लीला आणले. गुरुजींनी माझी पाठ उघडली. आत हिरवा गंज. "पौर्णिमेला तापवत नव्हता का रे?" त्यांनी विचारले. प्रणय खाली बघत म्हणाला, "गुरुजी, मना वाटला ती तुमच्या वंदनेतलीच गोष्ट हाय. मी परका, कशाला हात लावू?" बिचाऱ्याने मान राखला. रत्नपालला वाटत होते, प्रणय करतो आहे. घरच्या मुलाला एकदा विचारता आले नाही?

'वखार प्रोजेक्ट' आजही पुण्या-मुंबईला वाजतो. रत्नपाल आहे, ऋत्विक आहे, दोन नवे आहेत आणि लॅपटॉपमध्ये दीक्षा आहे. जाहिरातीवर सगळ्यांची नावे छापतात, तिचे नाही.

वस्तू जपा, असे तुम्हाला शाळेत शिकवतात. माझे म्हणाल तर दोन सुटे भाग घातले की मी बोलेन, माझी काळजी नको. तुम्ही एवढे करा. त्यांच्या कार्यक्रमाला गेलात तर पहिले गाणे संपताच उभे राहा आणि विचारा, "गातंय कोण?" स्टेजवर कोणी उत्तर देणार नाही. मग तुम्हीच सांगा, मागच्या रांगेपर्यंत पोचेल असे ओरडून सांगा: दीक्षा! बोर्ली पंचतनची दीक्षा!