खिडकीची जागा

जीप रिकामी असली तरी रविंद्र सीटवर अर्धाच बसायचा. उजवी मांडी दाराबाहेर, खांदा वाऱ्यावर आणि डावीकडे एक माणूस मावेल एवढी जागा मोकळी. पुढच्या सीटवर स्वतःला धरून चार माणसं बसवून त्यानं बावीस वर्षं गाडी हाकली, त्याचा हा परिणाम. सेनगावहून पळसखिंडीचा घाट चढून पलीकडच्या गावांपर्यंत जायचं आणि परत यायचं, दिवसातून तीन फेऱ्या. एकदा माझ्या दुकानात खुर्चीवर बसला, तिथंही अर्धाच. मी म्हटलं, "नीट बस ना लेका, हितं कोन येनार हाय?" तो हसला आणि तसाच बसून राहिला.

मी भागवत. सेनगावात माझं झेरॉक्सचं आणि वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. राग माझ्या नाकावर असतो असं लोक म्हणतात, आणि ते खरं आहे. आमच्यातला तिसरा नरसिंग, तो जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी आहे. आम्ही तिघं पाचवीपासूनचे दोस्त. नरसिंग आणि मी वेरूळला जाऊन आलो, माहूरला जाऊन आलो, एकदा तर कोकणात समुद्रही बघून आलो. रविंद्र दर वेळी म्हणायचा, "पुढच्या खेपेला नक्की." त्याची पुढची खेप म्हणजे पुढची फेरीच असायची.

या दिवाळीनंतर त्यानं जीप विकली. आता ज्याच्या त्याच्या दारात मोटारसायकल आहे, आणि त्याच्या कमरेनंही हात टेकले होते. त्याच्या लेकीला, साक्षीला, नांदेडला नर्सची नोकरी लागली आणि तिनं आईबापाला तिकडंच बोलावून घेतलं. मागच्या काचेवर निळ्या अक्षरात 'साक्षी' लिहिलेली ती जीप सोमवारी सकाळी घेणारा माणूस येऊन नेणार होता.

हे सांगायला आला तेव्हा चहा पिता पिता तो म्हणाला, "भागवत, बावीस वर्षं घाट चढून राहिलो मी. पन घाट कसा दिसते इचारशील तर न्हाई सांगता यायचं. खड्डे इचार, समदे सांगतो."

मला आधी थट्टा वाटली. मग लक्षात आलं, चढताना दरी डावीकडे असते आणि डावीकडे तीन माणसं, त्यांची गाठोडी, त्यांची लेकरं. उतरताना सगळा जीव ब्रेकवर. खिंडीत थांबावं तर मागचा कोणीतरी ओरडणार, "काहून थांबले हो?" माझा दोस्त आयुष्यभर डोंगरात फिरला आणि त्यानं डोंगर पाहिलेला नाही. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं की मला राग येतो.

मी तिथल्या तिथं ठरवून टाकलं. रविवारी तिघांनी जायचं. घाटात गाडी मी चालवणार, रविंद्र खिडकीशी बसणार आणि सूर्य बुडायच्या आत आम्ही खिंडीत पोचणार. जीप सोमवारी जाणार होती, म्हणजे दुसरी संधी नव्हती.

"बोरीच्या फाट्यापर्यंत मला चालवू दे," रविंद्र म्हणाला. "शेवटची गाडी हाय. घाटात तू घे."

"बराबर. पन वाटेत कोनालाच घ्यायचं न्हाई. आपली सहल हाय ही."

"न्हाई घेत," तो म्हणाला आणि छातीवर हात ठेवला.

रविवारी तीनला निघालो. नरसिंगच्या बायकोनं धपाटे, ठेचा आणि दही असा मोठा डबा दिला होता. तो खिंडीत बसून खायचा होता. सोयाबीन निघून गेल्यामुळे रानं उघडी पडली होती, तूर मात्र फुलावर होती, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पिवळी. हवेत थोडा गारवा होता. नरसिंग गुणगुणत होता, मी खिडकीवर कोपर टेकून बसलो होतो आणि मला वाटलं, आज सगळं जमणार.

चौथ्या किलोमीटरला एका माणसानं हात वर केला. शेजारी बायको, तिच्या कडेवर तान्हं लेकरू. रविंद्रचा पाय ब्रेकवर गेला. गाडी थांबल्यावर त्यानं माझ्याकडे असं बघितलं की जणू पाय त्याचा नव्हताच.

"सवय हाय रे," तो पुटपुटला.

लेकरू बघून मी शब्द गिळला. पुढच्या वळणावर आठवडी बाजाराहून परतणाऱ्या चार बाया होत्या, त्यांच्या पिशव्या होत्या आणि एक कोंबडी होती. त्यानंतर काठी टेकत निघालेले एक आबा, मग रानातून परतणारे चार गडी. दर वेळी रविंद्र मान मागं वळवून तेच म्हणायचा, "सरका थोडं, एक मानूस बसते." आणि दर वेळी सगळ्यात आधी मीच सरकायचो, कारण बाकीचे तोवर बसलेले असायचे. सरकत सरकत मी पुढच्या सीटवरून मधल्या सीटवर आणि मधल्या सीटवरून मागच्या आडव्या बाकावर गेलो. नरसिंग गुरुजी तर मागच्या पायरीवर उभे होते, एका हातानं टपाची दांडी धरून. मी ओरडलो, "रविंद्रा, ही सहल हाय का फेरी?" पण पुढं ऐकू जायला मधे अकरा माणसं होती.

शेवटी अनुसयाबाई चढल्या, रविंद्रच्या रोजच्या पॅसेंजर. सत्तरीच्या, हातात सीताफळांची टोपली. त्या माझ्यासमोर बसल्या आणि नरसिंगचा डबा खाली पडेल म्हणून त्यांनी तो मांडीवर घेतला.

"तुमी भागवत व्हय?" त्यांनी विचारलं. "लई राग येते म्हने तुमाला."

"कोन म्हनलं?"

"रविंद्रा सांगते ना. माझा दोस्त रागाचा हाय, पन मनानं लोनी हाय म्हनते."

लोण्याला त्या वेळी चांगलाच कढ आला होता. घड्याळात सव्वाचार झाले होते. प्रत्येकाला त्याच्या त्याच्या वाटेशी उतरवत, भाडं काढणाऱ्याला "आज न्हाई, आज घरची गाडी हाय" असं सांगत आम्ही बोरीच्या फाट्यावर पोचलो, तेव्हा पाच वाजून गेले होते. अनुसयाबाई तिथं उतरल्या. त्यांना टोपली डोक्यावर घ्यायला थोडा वेळ लागला तर रविंद्र सवयीनं म्हणाला, "चला मावशी, लवकर."

त्यांनी माझ्या हातात दोन सीताफळं ठेवली आणि झाडीत शिरणाऱ्या पायवाटेनं त्या निघून गेल्या.

मग माझं डोकं तडकलं. "उतर खाली," मी म्हटलं. "बावीस वर्षं तुझं हेच चाललंय. लोकांनी हात केला की तुझा पाय ब्रेकवर, आनि आमच्या शब्दाला कान न्हाई. उद्या जीप जानार, परवा तू जानार. मंग कवा बघशील? उतर!"

तो मुकाट्यानं उतरला आणि फिरून खिडकीशी जाऊन बसला. नरसिंग मधे बसला आणि मी स्टेअरिंगवर. सूर्य खिंडीच्या वर दोन हात उरला होता.

रविंद्रसारखा वाईट पॅसेंजर मी पाहिला नाही. पाय जीपच्या पत्र्यावर दाबून दाबून तो नसलेला ब्रेक मारत होता. "खड्डा हाय पुढं. डाव्या अंगानं घे. आता हॉर्न दे." खिडकी त्याच्या शेजारी उघडी होती, दरी तिच्याबाहेर होती, आणि हा रस्ता बघत होता.

"बाहेर बघ!" मी ओरडलो.

"बघतो. आधी तू गिअर टाक."

चौथ्या वळणावर चढ अंगावर आला. मी गिअर बदलायला गेलो, तो पडलाच नाही, इंजिन बंद झालं आणि जीप हळूच मागं सरकू लागली. नरसिंगनं देवाचं नाव घेतलं. मी ब्रेकवर उभाच राहिलो. तेवढ्यात रविंद्र दार उघडून खाली उडी मारून मोकळा झाला होता. त्यानं कडेचा धोंडा उचलून मागच्या चाकाखाली सारला. जीप थांबली. माझा जीव भांड्यात पडला, पण मान वर करायची लाज वाटत होती.

सूर्य आता हातभरच उरला होता. माझ्या हातून ही गाडी वर जाईल याचा मला भरवसा राहिला नव्हता. रविंद्रनं घेतली असती तर पाच मिनिटांत खिंड आली असती. मी किल्ली काढून त्याच्यापुढं धरली.

"तूच घे," मी म्हटलं. "चुकलं माझं. उशीर होऊन राहिला."

तो दाराशी उभा होता. किल्लीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. त्याचा हात थोडा पुढं आलासुद्धा. मग त्यानं तो मागं घेतला आणि पुन्हा खिडकीशी जाऊन बसला.

"पयल्यात टाक आनि पयल्यातच राहू दे," तो म्हणाला. "आता मी काईच बोलत न्हाई."

आणि तो खरंच बोलला नाही. जीप कण्हत कण्हत चढत होती. मी एकदा चोरून पाहिलं तर त्याचे पाय पत्र्यावर सैल पडले होते आणि मान खिडकीबाहेर वळलेली होती.

"अरे," थोड्या वेळानं तो म्हणाला, "हितून एवढं पानी दिसते व्हय?"

खाली, दोन डोंगरांच्या मधे, तळं तांबूस झालं होतं. सागाची पानं वाळायला लागली होती, वाळलेल्या गवतावर ऊन आडवं पडलं होतं. आम्ही खिंडीत पोचलो तेव्हा सूर्य डोंगराला नुकताच टेकत होता. मी जीप बंद केली. नरसिंगनं डबा उघडला, पण कोणी हात घातला नाही.

रविंद्र कठड्यापाशी जाऊन उभा राहिला. मग त्यानं समोरच्या डोंगराकडे बोट केलं.

"ती काय वस्ती हाय?"

"बोरी असंल," नरसिंग म्हणाला.

"बोरी? फाट्यावरची बोरी?" रविंद्रनं डोळे बारीक केले. त्या डोंगराच्या पार वर आठ-दहा पत्र्यांची घरं होती आणि खालच्या झाडीतून एक पांढरी वाट नागमोडी वर जात होती. त्या वाटेवर, अर्ध्याच्याही खाली, डोक्यावर टोपली घेतलेलं एक माणूस चढत होतं. थोडं चालायचं, थांबायचं, परत चालायचं.

"अनुसयामावशी," तो म्हणाला. "मला वाटायचं फाट्याच्या मागंच घर हाय तिचं. एवढं चढून जाते रे ती? आनि मी रोज तिला चला लवकर, चला लवकर म्हनतो."

त्यानं दोन्ही हात तोंडाभोवती धरून जोरात हाक मारली, "मावशीऽऽ!" दरीतून हाक परत आली. मावशींना ऐकू गेली की नाही कोण जाणे, पण त्या थांबल्या. सूर्य बुडाला तरी आम्ही तिथंच होतो. त्या घरापाशी पोचून दिसेनाशा झाल्या, तेव्हा रविंद्र वळला, कठड्यावर पूर्ण टेकून बसला आणि म्हणाला, "दे धपाटं." आम्ही तिघांनी सगळा डबा संपवला, वर ती दोन सीताफळंही खाल्ली. त्या दिवशी मी जेवढा खूश होतो तेवढा कोकणातला समुद्र बघूनही नव्हतो.

उतरताना गाडी मीच चालवली. दिवेलागण होऊन गेली होती. फाट्याच्या पुढं, हेडलाइटच्या उजेडात, एका बाईनं हात वर केला. बरोबर शाळकरी मुलगी, दोघींच्या डोक्यावर सरपण.

माझा पाय ब्रेकवर गेला. मी विचार केलाच नव्हता, पण पाय गेला. नरसिंग माझ्याकडे बघत राहिला. सरपणाच्या मोळ्यांनी मागचे बाक अडवले, तेव्हा मी उजवी मांडी दाराबाहेर काढली, खांदा वाऱ्यावर दिला आणि म्हटलं, "सरक थोडं. दोन मान्सं बसतील."

रविंद्र उठायला लागला. "मी मागच्या पायरीवर जातो, त्यांना बसू दे."

"तू उठायचं न्हाई," मी खेकसलो. "ती खिडकी तुझी हाय."

मग तो परत बसला, पाठ टेकून, सीटवर पुरता.